साळवे मॅडम आणि तळाचं पाणी

साळवे मॅडमना समुद्र आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षं किनाऱ्याजवळचे प्रवाह मोजणारी बाई, म्हणजे तिला लाटांचा आवाज ऐकून शांत वाटत असणार, असलं काही कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाका. होडी जरा डुलली की त्यांना मळमळायचं. पोहता येत नव्हतं. मोजणीच्या दिवशी त्या पुरुषी फुलशर्ट, सलवार आणि कॅनव्हासचे बूट घालून यायच्या, होडीच्या मधोमध पाय रोवून बसायच्या आणि मुठीतलं लिंबू हुंगत राहायच्या. 'समुद्र' हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला. त्या नुसतं 'पाणी' म्हणायच्या. "आज पाणी कसंय?" बस्स.

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं बारा माणसांचं ऑफिस. कुणाला जेटी बांधायची असते, कुणाला समुद्रात पाइप टाकायचा असतो. तिथलं पाणी कुठून कुठे जातं ते आम्ही मोजून द्यायचं. मी बोरिवलीची राणे. आजोबा मालवणचे, गिरणीत होते, म्हणून समुद्र आपल्या रक्तातच आहे असा मला उगाचच माज. तो मॅडमनी पहिल्याच आठवड्यात उतरवला.

झालं असं. प्रवाह मोजायचं यंत्र होडीच्या कडेला लावतात. ते पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून कुठल्या खोलीवर पाणी किती वेगाने, कुठल्या दिशेला चाललंय ते सांगतं. फक्त तळापाशी त्याची पंचाईत होते. खुद्द तळावरून इतका मोठा प्रतिध्वनी येतो की शेवटच्या मीटरभरातलं काही नीट ऐकूच येत नाही. म्हणून सगळीकडे रीत अशी की तो शेवटचा मीटर कापून टाकायचा. मीही कानात गाणी लावून मजेत कापत बसले होते. मागून खांद्यावर बोट आपटलं.

"तळ कुठंय?"

"मॅडम, तो खराब डेटा असतो ना. कापला."

"आणि तिथं काय लिहिलंस?"

मी स्क्रीन दाखवली. सगळीकडे शून्य.

"म्हणजे तळाला पाणी थांबलंय. तू जाऊन बघून आलीस?"

मी कानातली गाणी काढली.

"'माहीत नाही' असं लिही. 'माहीत नाही' लिहायला लाज वाटती, आणि शून्य लिहायला नाही वाटली?"

सगळ्या ऑफिसने ऐकलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि आरशासमोर त्यांना मालवणीत जे काय येत होतं ते सगळं देऊन आले. बाहेर आल्यावर साडेचारशे शून्यं एकेक करून खोडली.

त्यांचं एक पालुपद होतं, "तळाला विचारलं का?" आमचे मालक प्रधान सर. माणूस वाईट नाही, पण मीटिंगमध्ये भाषण करायची हौस भारी. एकदा ते म्हणाले, "ऑफिसच्या नव्या वेळेवर सगळे खूश आहेत." कोपऱ्यातून आवाज आला, "तळाला विचारलं का?" आणि मॅडमनी दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे बोट केलं. मावशी दहिसरहून यायच्या आणि नव्या वेळेसाठी त्यांना पहाटे चारला उठावं लागत होतं. प्रधान सर लाल झाले. वेळ मात्र बदलली.

चहाचं तर विचारूच नका. खालचा चहावाला त्यांच्यावर कायम वैतागलेला, कारण त्यांना चहा न गाळता लागायचा, काचेच्या ग्लासात. नवीन कुणी कामाला लागलं की त्या ग्लास पुढे ओढायच्या, चमच्याने गरागरा ढवळायच्या आणि चमचा काढून घ्यायच्या.

"पत्ती कुठं जाईल?"

"कडेला. गोल फिरलं की बाहेर फेकलं जातं ना सगळं."

"बघ."

आणि आयशप्पथ, चहा फिरता फिरता सगळी पत्ती तळाशी मधोमध येऊन गोळा व्हायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी हातचलाखी आहे. घरी येऊन चार वेळा करून पाहिलं.

"वरचं पाणी जोरात फिरतंय," त्या सांगायच्या, "तळाचं ग्लासाला घासतंय. घासलं की मंदावतं. मंदावलं की त्याची वाट बदलते. वरचं बाहेर जायला बघतं आणि तळाचं आत येतं. समुद्रात कारणं जास्ती असतात, वारा असतो, भरती-ओहोटी असते, गोडं-खारं पाणी असतं. पण मुद्दा हाच. तळाशी घासणारा जो पातळ थर आहे, तो वरच्याचं ऐकत नाही. ओहोटी संपून भरती लागताना तळाचं पाणी आधी वळतं, वरचं मागाहून. आणि गाळ वरून जात नाही. गाळ तळावरून जातो." एवढं बोलून त्या तो चहा पत्तीसकट पिऊन टाकायच्या.

त्या मूळच्या हिंगोलीकडच्या. पाणी म्हणजे विहीर, एवढंच त्यांना बावीस वर्षांपर्यंत ठाऊक. एकदा डबा खाताना सहज बोलून गेल्या, "आमच्या आजोबांनी गावची विहीर खोदली. खोदायला चालले. पाणी भरायला नाही चालले." मग त्यांनी माझ्या डब्यातला बांगडा उचलला आणि "तिखट कमी आहे" म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्या एक दिवस रजा घ्यायच्या, दर वर्षी. कुणाला वाटायचं देवदर्शन, पण मॅडम कुठल्या देवाला जाणार? चौथ्या वर्षी मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की रायगडच्या बाजूला एक मासेमारीचं गाव आहे. तरुणपणी तिथल्या एका धक्क्याच्या रिपोर्टवर त्यांनी सही केली होती. मोजणी चोख, हिशेब चोख, फक्त रीतीप्रमाणे शेवटचा मीटर कापलेला. धक्का झाला आणि दोन वर्षांत तळाने आणलेल्या गाळाने खाडीचं तोंड भरलं. आता ओहोटीला होड्या चिखलात रुतून पडतात.

"तिथं जाऊन करता काय?"

"बघते. ओहोटी संपेपर्यंत उभी राहते. लोक मला ओळखत नाहीत गं. चहा देतात."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं नीट कळावं. गेल्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. एका खाडीतला गाळ उपसून बार्जेसनी बाहेर समुद्रात नेऊन टाकायचा होता. टाकायची जागा ठरलेली होती. आम्ही मोजून सांगायचं होतं की तिथे टाकलेला गाळ किनाऱ्याकडे परत येईल की नाही. समोर वर्सोव्याच्या वर एक कोळीवाडा आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या होड्या त्यांच्याकडच्या खाडीच्या ज्या अरुंद तोंडातून ये-जा करतात ते तोंड आधीच उथळ. तिथे हातभर गाळ साचला तरी त्यांचा धंदा बसला. आणि 'गाळ परत येणार नाही' या वाक्याखाली सही साळवे मॅडमची लागणार होती. त्यांच्यासाठी हे तेच गाव होतं, दुसऱ्यांदा.

त्या आधी एकट्या कोळीवाड्यात जाऊन आल्या. तिथे मासे सुकवणारी हिराबाय म्हणून एक वयस्कर कोळीण होती, तिच्या घरची डोल जाळी होती. डोल म्हणजे खांबांना बांधून पाण्यात सोडलेलं पिशवीसारखं जाळं. पाणी जिकडे वाहील तिकडे त्याचं शेपूट. मॅडमनी विचारलं, जाळ्याचा खालचा भाग आणि वरचा भाग एकाच वेळी फिरतो का? हिराबाय हसली म्हणे. "खालचा आधी फिरतंय. तुला कोनी सांगितला?" मॅडमनी तिला आपलं कार्ड दिलं आणि ऑफिसला येऊन सांगितलं, "यंत्र तळावर ठेवायचं. होडीवरून भागणार नाही."

मग तिपाई बनवली, तिच्यावर लहान यंत्र बसवलं आणि ती पाण्याखाली तळावर पंधरा दिवस ठेवली. तिपाई वाहून जाऊ नये म्हणून पायांना वजनं लागतात, आणि ती शिशाची लागतात. उतरवायच्या सकाळी शिशाची वजनं आलीच नाहीत. होडी ठरलेली, भांगाचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं शांत पाणी, पुन्हा असा दिवस पंधरवड्याने. मॅडमनी दहा मिनिटं विचार केला आणि लोखंडी वजनं लावून तिपाई खाली सोडली.

पंधरा दिवसांनी डेटा आला. वरचं पाणी नैऋत्येला, बाहेर. तळाचा मीटर ईशान्येला, सरळ कोळीवाड्याकडे. मी खुर्चीतून उडालेच. मॅडम मात्र स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लोखंड."

यंत्राला दिशा कळते ती आतल्या होकायंत्राने. शेजारी लोखंड असलं की होकायंत्र भरकटतं. म्हणजे वेग खरा, पण दिशेवर विश्वास नाही. प्रधान सरांना हे कळायला अर्धा दिवस लागला, पण कळल्यावर त्यांनी सोडलं नाही.

"मॅडम, ज्या एका आकड्यावर तुम्ही सगळं काम अडवताय, तोच आकडा तुमच्या चुकीने बाद आहे."

"चूक माझीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण दिशा बाद आहे म्हणजे उलटी दिशा खरी आहे, असं होत नाही. मला परत मोजू द्या."

"वेळ कुठाय? पुढच्या शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी जाहीर सुनावणी. तिपाई परत करून, लावून, काढून महिना जाईल. आठवडाच आहे आपल्याकडे."

"मग होकायंत्राशिवाय मोजते," मॅडम म्हणाल्या.

त्या शनिवारी मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले. हॉलभर पिवळ्या प्लॅस्टिकच्या बश्या पसरलेल्या, घाटकोपरहून आणलेल्या, साठ आणि वर दोन-चार जादा. ही जुनी युक्ती, त्यांनी सांगितलं. बशी उलटी करायची, मधोमध भोक पाडायचं, त्यात हातभर लांब प्लॅस्टिकची नळी, नळीच्या टोकाला पितळी नट. प्लॅस्टिक तरंगायला बघतं, नट बुडवायला बघतो. मग ती नळीच्या टोकावर उभी राहून तळाला टेकत, मधूनच कलंडून घासत तळाच्या पाण्याबरोबर सरकत जाते. जिथे सापडेल तिकडे तळाचं पाणी जातं. होकायंत्र नको, वीज नको. प्रत्येक बशीवर ऑफिसचा फोन नंबर आणि 'सापडल्यास कळवा' लिहायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर त्या नट आवळत बसल्या आणि मी लिहीत बसले. दुपारी त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. इतका मजेचा शनिवार माझा त्या वर्षात दुसरा गेला नाही.

"कोळीवाड्यात सांगून ठेवू या ना," मी म्हटलं. "लक्ष ठेवतील."

"नको. सांगितलं तर उद्या कुणीही म्हणेल, त्यांनीच उचलून आणल्या. आपोआप सापडू दे."

सोमवारी भाड्याच्या होडीने आम्ही गाळ टाकायच्या जागेवर गेलो आणि साठ बश्या पाण्यात सोडल्या. मॅडम लिंबू विसरल्या होत्या. परत येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे पाण्यावरून हलले नाहीत.

मग वाट पाहणं सुरू झालं. त्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजला की बाराच्या बारा माणसं मान वर करायची. मंगळवारी काही नाही. बुधवारी संध्याकाळी पहिला फोन: एका ट्रॉलरवाल्याला बशी सापडली. कुठे? बाहेर, नैऋत्येला, खोल पाण्यात. गुरुवारी आणखी दोन, तीही तिकडेच. एकाने मोबाइलवर फोटो पाठवला, बशीवर माझं अक्षर स्वच्छ दिसत होतं. किनाऱ्याकडून एकही फोन नाही. मॅडम दर तासाला रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का ते बघत होत्या. चौथ्यांदा मी म्हटलं, "मॅडम, चालू आहे हो." त्या म्हणाल्या, "माहितीय. गप बस की."

शुक्रवार उजाडला. दुपारी प्रधान सर रिपोर्ट घेऊन त्यांच्या टेबलापाशी आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मॅडम भांडल्या असत्या.

"साळवे मॅडम, परीक्षा तुम्ही ठरवलीत. बश्या तुमच्या. तीन सापडल्या, तिन्ही बाहेर. आता तुम्हीच सांगा."

मॅडमनी रिपोर्ट उलटून शेवटचं पान काढलं. मग हळू म्हणाल्या, "माझ्या मनात एक होतं आणि पुरावा दुसरं सांगतोय, तर मी पुराव्याचं ऐकायला पाहिजे. नाहीतर मी आणि शून्य लिहिणारा, फरक काय?" त्यांनी सही केली. पेन टेबलावर ठेवताना घरंगळून खाली पडलं, ते उचलायलाही वाकल्या नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट गेला.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसच्या दारात कल्लोळ झाला. वॉचमन कुणाला तरी अडवत होता आणि ते कुणीतरी त्याला दाद देत नव्हतं. हिराबाय आत आली. कासोट्याचं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात भलीमोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीबरोबर सुक्या बोंबलांचा वास. तिने मॅडमचं कार्ड प्रधान सरांच्या नाकासमोर नाचवलं.

"कंची ती पान्याची बाय? कुठं हाय? ह्यो कचरा तिचाच असनार! दुसऱ्या कोनाला असलं येडं धंदं सुचतील?"

आणि तिने पिशवी जमिनीवर उलटी केली. पिवळ्या बश्या घरंगळत टेबलांखाली गेल्या. मी मोजल्या. एकतीस.

"आमचे जाल्यान म्हावरा नाय, बश्या! चार दिस झाले, रोज येतान! होडी लागते तिथं चिखलान पन रुतल्यान. दर्यात टाकताना लाज नाय वाटली?"

मॅडम जागेवरून उठल्या. हिराबायला वाटलं भांडायला येते, तिने कमरेवर हात ठेवला. मॅडम तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या, एक बशी उचलून उजेडात धरली. कडा घासून पांढऱ्या पडलेल्या, पाठ खरवडलेली. माझ्या अक्षराचा मागमूस नव्हता.

"राणे, तो परवाचा फोटो दाखव."

मी मोबाइल दिला. त्यांनी फोटो मोठा केला. अक्षर स्वच्छ, प्लॅस्टिक नवंकोरं, आणि नळीचं टोक मोकळं. नट नव्हताच. गळून पडला होता. ती बशी तळाला गेलीच नव्हती, वर तरंगत वरच्या पाण्याबरोबर बाहेर गेली होती. बाकीच्या दोघांना फोन लावून विचारलं, तर तेच. तळाला घासत आलेल्या बश्यांवरचा नंबर पुसला गेला, म्हणून किनाऱ्यावरून कुणाचा फोन येणं शक्यच नव्हतं. आणि ज्यांचा नंबर शाबूत, त्या सगळ्या खोटं सांगणाऱ्या. फोटो चार दिवस आमच्या बारा जणांच्या मोबाइलवर होता. कुणीही नीट पाहिला नव्हता.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या शनिवारी मॅडमनी मला सुई आणि मेणबत्ती दिली होती. "गरम सुईने कोर," म्हणाल्या होत्या, "शाई टिकणार नाही." त्या आत नट मोजायला गेल्या, मी एक बशी कोरून पाहिली, घाण वास सुटला, बोट भाजलं. पर्समध्ये मार्कर होता, त्यावर 'वॉटरप्रूफ' असं ठळक लिहिलेलं. मी ती कोरलेली बशी वाकडी झाली म्हणून बाजूला टाकली आणि साठच्या साठ मार्करने लिहिल्या. त्यांनी तपासलं नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मॅडमनी ती बशी हातात फिरवली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी मान खाली घातली. त्या उठल्या, हिराबायला खुर्ची दिली, नकाशा आणला आणि "कुठल्या जाळ्यात किती, सांग" म्हणून पेन्सिल घेऊन बसल्या. तासाभराने तोच नकाशा घेऊन त्या प्रधान सरांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून सगळं ऐकू येत होतं.

"रिपोर्ट मागे घ्या."

"आता? मॅडम, गुरुवारी सुनावणी आहे. सुनावणी होऊ दे, मग आपण पुरवणी देऊ."

"मग देऊन काय? बार्जेस चालू झाल्यावर?"

"बारा घरं चालतात या ऑफिसवर. आज रिपोर्ट मागे घेतला तर उद्या आपल्याला दारात कोण उभं करेल? तुम्हाला वाटतं मला त्या कोळ्यांचं काही नाही?"

"वाटत असेल तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "पण सही माझी आहे."

दुपारी त्यांनी आपलं टेबल रिकामं केलं. एक कॅनव्हासच्या बुटांचा जोड, काचेचा ग्लास आणि बश्यांची पिशवी. राजीनामा एका ओळीचा होता. मी लिफ्टपर्यंत गेले. "मॅडम, मार्कर मी..." एवढं म्हटलं आणि लिफ्ट आली. "काम बघ जा," त्या म्हणाल्या.

सुनावणी बोरिवलीच्या एका हॉलमध्ये होती. स्टेजवर अधिकारी, एका बाजूच्या टेबलावर कंपनीची माणसं, त्यांचा वकील, प्रधान सर, आणि लॅपटॉपपाशी मी, स्लाइड बदलायला. समोर सगळा कोळीवाडा. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने चिठ्ठीवर नाव लिहून रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत हिराबायच्या मागे साळवे मॅडम उभ्या होत्या. इस्त्रीची निळी साडी, हातात तीच पिशवी. प्रधान सरांनी त्यांना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मॅडमचा नंबर आला. माइक उंच होता, त्यांनी तो खाली केला.

"मी सुनंदा साळवे. तुमच्यासमोर जो रिपोर्ट आहे त्यावर माझी सही आहे. तो रिपोर्ट चुकीचा आहे."

हॉलमध्ये इतका गोंगाट उठला की अधिकाऱ्यांना टेबल आपटावं लागलं. मॅडम थांबल्या, मग चार मिनिटांत सगळं सांगितलं. वरचं पाणी बाहेर जातं, तळाचं आत येतं, गाळ तळावरून चालतो, तो कोळीवाड्याच्या खाडीच्या तोंडाशी येईल. बश्या टेबलावर ओतल्या. काही खाली सांडल्या.

कंपनीचा वकील उठला. आवाज एकदम सभ्य. "मॅडम, यावर फोन नंबर होता म्हणता. कुठे आहे?"

"पुसला गेला."

"कशाने लिहिला होता?"

"मार्करने."

"पंचवीस वर्षांचा अनुभव, आणि समुद्राच्या तळाशी मार्कर?" मागे कुणीतरी हसलं. "ही चूक कोणाची?"

मॅडम माझ्यापासून दहा फुटांवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझी."

"तिपाईला लोखंड लावायची?"

"तीही माझी."

"आणि सही?"

"माझीच."

"मग तुमच्यावर विश्वास कशासाठी ठेवायचा?"

"ठेवू नका," मॅडम म्हणाल्या. "परत मोजा. तळ मोजा, आणि मग गाळ टाका."

वकील खाली बसला. अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहून घेतलं आणि सांगितलं की तळाची नव्याने मोजणी होईपर्यंत बाहेर एक टोपलीही गाळ टाकायचा नाही. कोळीवाडा उठून उभा राहिला. हिराबाय ओरडत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

त्या गोंधळात मला उठायचं होतं. 'मार्कर माझा होता', एवढंच म्हणायचं होतं. कुणी मला फाशी देणार नव्हतं. पण प्रधान सर शेजारी बसले होते, घराचा हप्ता होता, हॉलमधली तीनशे माणसं होती, आणि माझे पाय काही केल्या उचलेनात. स्वतःची इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाचीही वाटलेली नाही.

मॅडम सांडलेल्या बश्या गोळा करत होत्या, एकेक करून, गुडघ्यावर बसून. एक बशी आमच्या टेबलाखाली घरंगळत आली होती, माझ्या चपलेखाली अडकली होती. त्या तिथपर्यंत आल्या, वाकल्या, वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दमल्या होत्या फक्त.

"राणे, पाय सरकव गं," त्या म्हणाल्या.

मी पाय सरकवला.